सकाळी सहाचा वारा

पिंपळे गुरव
रविवार, ता. २३ नोव्हेंबर १९८०
सकाळी सहा : तापमान ११.४. वारा मिनिटाला २ फेरे.

चि. मृदुला,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा. पर्जन्यमापक, डालड्याच्या डब्याचा, तोंड लेथवर गोल केलेलं, चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. तापमापकाची झडपांची पेटी, पॅकिंगच्या देवदारी फळ्यांची, पट्ट्या एकशे बारा, प्रत्येक पट्टी पंचेचाळीस अंशात. वाऱ्याचं चक्र : चार पितळी डावांच्या वाट्या, दांडे कापून काटकोनात डाख दिलेल्या, त्यातली एक लाल रंगवलेली, म्हणजे फेरे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. तुझी कंपासपेटी. नीलाचा पाळणा, ज्याच्या कड्या आजही कुरकुरत नाहीत. तुझी लोखंडी ट्रंक. आणि हे घर, पायापासून पत्र्यापर्यंत, रविवार आणि सुट्ट्या धरून दोन वर्षं एक महिना.

त्यातली ट्रंक तू नेलीस. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहावा की नाही हे ठरेना, म्हणून तापमान लिहिलं. तापमानाबद्दल आपल्यात भांडण नाही.

तुला जाऊन दोन वर्षं पाच महिने झाले. मी होऊन लिहिणार नव्हतो. लिहितो आहे ते नीलासाठी. ती येत्या मार्चात बारावीला बसते आहे आणि पुढे तुझ्याकडे रत्नागिरीच्या कॉलेजात जायचं म्हणते आहे. कारण विचारलं तर म्हणाली, "तिथे वारा असतो."

त्यांच्या वर्गात यंदा हे खूळच निघालं आहे. कॉलेज कोणतं, विषय कोणता, प्राध्यापक कसे, हे कोणी विचारत नाही. हवा कशी ते विचारतात. शेजारच्या नंदकिशोरला नागपूरच्या इंजिनिअरिंगचा फॉर्म बापानं आणून दिला, तर ऊन सोसत नाही म्हणून त्यानं तो परत केला. लालमहंमदच्या बिल्किसला नाशिक हवं, कारण तिथे डिसेंबरात स्वेटर घालता येतो. मुंबई नको, घाम येतो. कोल्हापूर नको, पाऊस हटत नाही. या पोरी आमच्या ओट्यावर बसून महाराष्ट्राचा नकाशा असा चाळतात जशी तुझी आई भाजीवाल्याची टोपली. आमच्या वेळी ज्या गावात मावशी असेल ते कॉलेज. मला तर सातवीनंतर मावशीही नव्हती.

मी हसून सोडून दिलं नाही. वर्तमानपत्रात रोज गावोगावचे आकडे येतात, ते वर्षभर उतरवून तक्ता केला आणि नीलासमोर ठेवला. आपल्या भागासारखी हवा राज्यात नाही, हे त्यातून शेंबड्या पोरालाही दिसेल. रत्नागिरीला चार महिने कपडे वाळत नाहीत, हेही समासात लिहिलं. तिनं तक्ता नीट वाचला. मग म्हणाली, "कपड्यांना कुठे खोकला येतो, अण्णा?"

तिचा खोकला म्हणशील तर सांगण्यासारखा नाही. थंडी आहे, तेवढा असतोच.

तुझी पत्रं लालमहंमदच्या गॅरेजवर बिल्किसच्या नावानं येतात, हे मला पहिल्या पाकिटापासून ठाऊक आहे. तुझा 'ल' मी ओळखतो. एकही उघडलं नाही. माझं मागणं एवढंच, की तिला लिही, पुण्यातच शिक म्हणून. इथून लोकलनं तासाभरात कॉलेज गाठता येतं. थोरली गेली, तेवढं पुरे झालं.

बाकी ठीक. पितळ मात्र हल्ली हलकं झालं आहे. वाट्या महिन्यातून एकदा चिंचेनं घासल्या की पुरायचं, आता आठवड्यातून दोनदा घासाव्या लागतात. चिंचही पूर्वीसारखी आंबट राहिली नाही.

मधुसूदन


पिंपळे गुरव
रविवार, ता. १४ डिसेंबर १९८०
सकाळी सहा : तापमान ९.८. वारा २ फेरे.

चि. मृदुला,

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. त्यात दोन प्रश्न आहेत आणि नीलाला तू काय लिहिणार याचा पत्ता नाही. असो.

पहिला प्रश्न : गेल्या हिवाळ्यात वारा शून्य असलेले दिवस किती. उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळून चार. नीट वाच, चार. तू ज्या हिवाळ्याचा एवढा बाऊ केलास त्यात ते एकसष्ट होते. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सहा, गेल्या हिवाळ्यात चार. चोपडी इथेच आहे, कधीही येऊन पाहा.

ती गोष्ट निघालीच आहे तर माझ्या बाजूनं एकदा लिहून ठेवतो.

सन अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात तू माझ्यापुढे चौकटीचा कागद ठेवलास. निळे ठिपके म्हणजे माझ्या चोपडीतले शून्य वाऱ्याचे दिवस. तांबडे ठिपके म्हणजे नीला शाळेत गेली नाही ते दिवस, हे तू तिच्या बाईंकडून उतरवून आणलेस. एकसष्ट निळे, सत्तेचाळीस तांबडे, आणि तांबड्यांपैकी एकोणचाळीस निळ्यावर किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी. कागद स्वच्छ होता, हे मी तेव्हा म्हणालो नाही, आता म्हणतो. तुझं म्हणणं, नाल्यापलीकडे रंगाची कंपनी झाली तिचा धूर वारा नसला की नदीच्या खोलग्यात बसतो आणि आपलं घर त्या खोलग्यात आहे. तेव्हा घर सोडू या, आणि तोवर मी तरी अशा ठिकाणी शिकेन जिथे वारा बंद पडत नाही.

मी म्हणालो, यंत्र अडकलं असेल.

तू म्हणालीस, "तुमचं यंत्र अडकत नाही असं तुम्हीच सांगता."

मी कागद फाडला. जाशील तर पत्र लिहू नकोस असंही म्हणालो. हे मी नाकारत नाही. पण माझ्या जागी तू असतीस तर? ज्या माणसानं सातवी नापास होऊन मायक्रोमीटर वाचणं स्वतः शिकून घेतलं, टूलरूममध्ये डिप्लोमावाल्यांना गेज तपासून दिले, त्याला सतरा वर्षांची मुलगी सांगते की तुम्ही घर चुकीच्या जागी बांधलंत. घर आधी आहे, मृदुला. एकोणसत्तरचं. कंपनी चौऱ्याहत्तरची.

तर आता शून्य दिवस चारच उरले आहेत. म्हणजे तुझं जाणं ज्या आकड्यावर उभं होतं तो आकडाच राहिला नाही. नीलाला एवढंच कळव.

दुसरा प्रश्न : वाट्या सहासष्टच्याच असतील तर पितळ हलकं कधी झालं. याचं उत्तर सवडीनं देईन.

अण्णा


पिंपळे गुरव
रविवार, ता. १८ जानेवारी १९८१
सकाळी सहा : तापमान ८.१. वारा ३ फेरे.

चि. मृदुला,

तुझं कार्ड आलं. कार्डावर असले प्रश्न लिहू नयेत, पोस्टमन वाचतो. त्यानं मला दारातच विचारलं, "काय मिस्त्री, कसली दांडी बदलली?"

चक्राची दांडी बदलली की नाही, हा माझा आणि यंत्राचा प्रश्न आहे. वस्तू झिजते, माणूस ती बदलतो. त्यात विचारण्यासारखं काय आहे ते मला समजत नाही.

त्याहून महत्त्वाचं लिहितो. माझी चोपडी पहिल्यांदा कोणी मागितली आहे.

गावातल्या लोकांनी नगरपालिकेकडे कंपनीविरुद्ध अर्ज केला. अर्जात कोणी म्हणतं डोळे चुरचुरतात, कोणी म्हणतं भाजी करपते. दूध घालणारी जाईबाई तर साहेबांसमोर म्हणाली, "म्हशी नदीचं पानी पीत न्हाईत. मानसांचं तुमी बगा." चौकशी नेमली आहे. तेव्हा कंपनीकडून उद्धवराव म्हणून एक गृहस्थ आले होते. लेबर-वेल्फेअर बघतात. मोठे समंजस. चपला बाहेर काढून शिडीनं पत्र्यावर चढले, झडपांची पेटी उघडून बघितली, पट्ट्या मोजल्या. एकशे बारा, म्हणाले. बरोबर मोजल्या. चौदा वर्षांत पेटी पाहिलेल्या कोणी त्या मोजल्या नव्हत्या.

त्यांना गेल्या दोन हिवाळ्यांच्या वाऱ्याच्या आकड्यांची नक्कल हवी आहे, खाली माझी सही. चौकशीत दाखवायची आहे. मी म्हणालो, आधीच्या वर्षांची? ते म्हणाले, "नको हो राव, जुनं कशाला उकरायचं. ताजं तेच खरं." आईनं चहा दिला. कप खाली ठेवताना त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. तिची जोडवी काळी पडली आहेत. चांदीच हिणकस निघाली असेल. तुझ्या आजोळची आहेत.

नक्कल मी पाच संध्याकाळी बसून केली. निळ्या शाईत आकडे, तांबड्यात बेरीज. सही अजून केलेली नाही. एकदा पुन्हा ताडून बघेन आणि मग करीन. उद्धवराव पुढच्या महिन्यात येणार आहेत.

नीलाच्या पूर्वपरीक्षेचे दोन पेपर बुडाले. बारावीच्या परीक्षेत ते धरत नाहीत.

अण्णा


पिंपळे गुरव
रविवार, ता. १५ फेब्रुवारी १९८१
सकाळी सहा : तापमान १०.६. वाऱ्याचा रकाना रिकामा.

चि. मृदुला,

होय. दांडी बदलली.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या महिन्यात. यंत्र अडकलं असेल असं मी तुझ्या तोंडावर म्हणालो होतो. ते अडकत होतं, हे मला दाखवायचं होतं. तुला दाखवायचं होतं असं तेव्हा वाटे, पण तू तर गेली होतीस. जुनी दांडी पोलादी होती, खाली साधं पितळी बूड. पिंपरी कॅम्पातल्या मीरासाहेब घड्याळजीकडून मी घड्याळाच्या आसाखाली बसवतात तसले दोन मोठे माणिकखडे आणले आणि दांडी सायकलच्या आरीची केली. खडा बसवायला तीन रविवार लागले. एवढं हलकं फिरे की खाली उभं राहून सुस्कारा टाकला तरी लाल वाटी सरकायची. मला त्याचा अभिमान होता. मी चोपडीत एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. जेवढे फेरे मोजले तेवढेच लिहिले. शून्य गेलं आणि दोन आलं, कारण यंत्र सुधारलं, असं मी स्वतःला सांगितलं. दोन वर्षं रोज सकाळी सहाला सांगितलं.

आता गेल्या पंधरवड्यात काय झालं ते.

बुधवारी, ४ तारखेला, नीला क्लासला जायला निघाली आणि बसथांब्यापर्यंत पोचली नाही. लालमहंमदनं तिला रस्त्याच्या कडेला बसलेली पाहिली. ओठ निळे. त्यानं गॅरेजमध्ये आलेल्या कोणाच्या तरी गाडीत घालून तिला पिंपरीच्या दवाखान्यात नेलं आणि मग मला आमच्या कारखान्याच्या गेटवर निरोप दिला. मी पोचलो तेव्हा तो बाकावर बसला होता. म्हणाला, "मिस्त्री, पोरगी श्वास असा घेत होती जसं फाटक्या नळीतून पंप मारतोय." चार दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, घराजवळ काय आहे? मी म्हणालो, नदी.

रविवारी नीलाला घरी आणलं. गुरुवारी, १२ तारखेला, सहा वाजता मी पत्र्यावर होतो. ती अंगावर शाल घेऊन, देवापुढची उदबत्ती पेटवून शिडीनं वर आली. मी रागावलो. ती म्हणाली, "आज फेरे किती, अण्णा?"

"दोन."

"धूर बघा."

तिनं उदबत्ती चक्राशेजारी धरली. धूर ओळंब्यासारखा उभा होता. वर जाऊन माणसाएवढ्या उंचीवर पसरला आणि तिथेच राहिला. नदीवर पिवळट थर होता, तोही तसाच, सायीसारखा. आणि त्या सगळ्यात माझं चक्र फिरत होतं. लाल वाटी, पुन्हा लाल वाटी. मी डोळे मिटून उघडले. फिरत होतं.

नीला खाली गेली. न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज झाला, बंबातले निखारे चुरचुरले आणि तुझी आई ओरडली, अगं अंघोळी व्हायच्यात. मी घड्याळ लावून उभा राहिलो. साडेअकरा मिनिटांनी चक्र थांबलं.

कळलं ना तुला? बंबाच्या धुराची नळी चक्राच्या काठीपासून दोन फुटांवर पत्र्यातून वर येते. काठी तिथे मीच रोवली, कारण तुळई तिथे पक्की आहे. जुन्या जड दांडीला ती ऊब हलवू शकत नव्हती. माणिकखड्यांवरच्या दांडीला हलवते. बंब आपल्याकडे साडेपाचला पेटतो. मी मोजायला सहाला चढतो. दोन वर्षं मी आमच्या बंबाचा वारा लिहीत होतो.

नीला परत वर आली नाही. शिडीच्या तळाशी उभी राहून म्हणाली, "आता लिहा." माझ्याच्यानं लिहवलं नाही. चोपडीतला तो पहिला रिकामा रकाना. त्यानंतरचे तीनही रिकामे आहेत.

आणि पितळ हलकं झालेलं नाही. चिंच चांगली आंबट आहे. हे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

मी नक्कल पाच संध्याकाळी बसून केली, ती माझ्या हाताखाली आहे. त्यात लिहिलं आहे की या घरावर दोन हिवाळे जवळजवळ अखंड वारा वाहिला. उद्धवराव शनिवारी सहीसाठी येतील. नीलाला मी उद्या तुझ्या मावशीकडे चऱ्होलीला पोचवतो, परीक्षा संपेपर्यंत तिथेच राहील. ते माळावर आहे.

तू हे सगळं कधीपासून ओळखलं होतंस?

अण्णा


पिंपळे गुरव
रविवार, ता. २८ जून १९८१
सकाळी सहा : तापमान २३.०. वारा ३१ फेरे, जुनी दांडी, बंब विझवून.

चि. मृदुला,

नीलाला अडुसष्ट टक्के मिळाले. चऱ्होलीला साडेनऊ आठवडे ती खोकली नाही. मावशीला मी विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, "खोकली असती तर मी सांगितलं नसतं का, तुमच्यासारखी मी काय चोपडीत लपवते?"

रत्नागिरीच्या कॉलेजचा फॉर्म टेबलावर आठ दिवस होता. पालकाच्या सहीच्या ओळीवर तुझी आई रोज सकाळी माझा पेन नेऊन ठेवायची. आठव्या दिवशी मी सही केली. फॉर्ममध्ये 'हे महाविद्यालय निवडण्याचे कारण' असा रकाना होता. नीलानं तो रिकामा सोडला होता. मी तिथे लिहिलं, हवा. कारकून हसेल तर हसू दे.

फेब्रुवारीत उद्धवराव आले तेव्हा मी सही दिली नाही. दांडी बदलल्याचं त्यांना सांगितलं, बंबाचंही सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, हे तुम्ही मला सांगितलंत ते ठीक. आणखी कोणाला सांगायचं काय कारण?" त्यानंतर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी शिडी चढले नाहीत. आईनं चहा केला नाही.

नीलासाठी ट्रंक केली आहे. तुझ्या ट्रंकेपेक्षा दोन इंच उंच. ती शुक्रवारच्या एस.टी.नं निघेल. थांब्यावर तू जातीनं ये.

काल संध्याकाळी तिनं पत्र्यावर चढून चक्राला हात लावला. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "तुम्ही इथे एकटे मोजत बसणार?" मी म्हणालो, आई आहे.

अण्णा


पिंपळे गुरव
रविवार, ता. ८ नोव्हेंबर १९८१
सकाळी सहा : तापमान १२.२. वारा ०. (उदबत्तीनं.)

चि. मृदुला आणि चि. नीला, दोघींना अनेक आशीर्वाद.

दिवाळीत आला नाहीत ते बरं केलंत. मृदुला शाळेत शिकवू लागली आणि नीला तिच्याजवळ आहे, हे आईनं सगळ्या आळीत सांगितलं. नीला, समुद्रावर धावलीस आणि दम लागला नाही, हे वाक्य तिनं मला तीनदा वाचायला लावलं.

या महिन्यात आठ दिवस झाले. आठ शून्य. सोमवारपासून पिवळा थर दहा वाजेपर्यंत उठत नाही. रात्रपाळी वाढवली आहे असं म्हणतात. आई सकाळी पदर नाकाला लावून बंब पेटवते. मी तिला म्हणालो, चऱ्होलीला जा. तर म्हणते, तुम्ही चला, घराला कुलूप लावा. मी शिडीकडे वळलो. मग तीच म्हणाली, "असू दे. तुमचं पाणी कोण तापवणार." कालपासून तिचा आवाज बसला आहे.

उदबत्तीचं कारण लिहितो. गेल्या सोमवारी पहाटे वर चढलो तर काठीवर चक्र नव्हतं. चारही वाट्या मुळापासून कापून नेल्या होत्या. करवतीनं नव्हे, पत्रा कापायच्या कात्रीनं, काप स्वच्छ होता. चोरानं नेलं म्हणावं तर शेजारचा पितळी तापमापक तसाच होता, आणि झडपांची पेटी उघडून पुन्हा नीट लावलेली. लालमहंमद म्हणाला, "मिस्त्री, भंगारवाला असता तर पेटी लावून गेला नसता." तो हल्ली रात्री गॅरेजमध्येच झोपतो आणि माझ्या दाराकडे तोंड करून झोपतो. मी त्याला तसं सांगितलेलं नाही.

चौकशीचं तुम्हाला अर्धंच कळलं आहे. मे महिन्यात मी सहासष्टपासूनच्या चोपड्यांतले आकडे साहेबांपुढे ठेवले. तुझा फाडलेला कागदही, मृदुला. मी तेव्हा तो फाडला, पण टाकला नव्हता. खळीनं चिकटवून नेला. साहेबांनी विचारलं, तुमच्या यंत्राला सर्टिफिकेट कोणाचं? मी म्हणालो, माझं. मागे कोणी तरी हसलं. तुमचं शिक्षण? सातवी नापास. चोपड्या परत मिळाल्या. पुढची तारीख १५ डिसेंबर. सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडून आकडे तपासून आणा, असं सांगितलं आहे. पुण्यातले एक निवृत्त वेधशाळावाले तपासायला तयार आहेत. त्यांनी दोन तास वाचून एवढंच विचारलं, मधे दोन वर्षं काय झालं? मी बंबाचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, हेही लिहून द्या.

ते मी जूनमध्येच लिहून दिलं आहे, पंधरा पानं. त्याची एक प्रत आणि बारा जुन्या चोपड्या इथे नाहीत. जे वर चढले होते त्यांनी घरही बघितलं असावं, कारण माझ्या हत्यारांच्या खणात पाने उलट्या क्रमानं लागले आहेत. त्यांना मिळणार नाहीत. त्या तुमच्याकडे आहेत. नीलाच्या ट्रंकेला दुहेरी तळ आहे, म्हणून ती दोन इंच उंच. तळाचे चार स्क्रू डाव्या आट्याचे केले आहेत, नेहमीसारखे फिरवलेत तर घट्टच होत जातील. उलट फिरवा.

आता नीट वाचा. दर रविवारी मी आकडा पाठवीन, कार्डावर, फक्त तापमान आणि वारा. पोस्टमन वाचू दे. लागोपाठ दोन रविवारचं कार्ड आलं नाही, तर तळ उघडा आणि चोपड्या पुण्याला त्या गृहस्थांकडे घेऊन जा. पत्ता पहिल्या चोपडीच्या पुठ्ठ्याच्या आत आहे. इथे येऊ नका. फेब्रुवारी संपेपर्यंत तुमच्यापैकी कोणीही इथे पाऊल ठेवायचं नाही, काही झालं तरी. आईच्या बाबतीतही. हे तिनंच लिहायला सांगितलं आहे.

मृदुला, घर चुकीच्या जागी नव्हतं. पण ते आता चुकीच्या जागी आहे, आणि हे तू सतराव्या वर्षी वाचलंस ते माझ्याच आकड्यांत. तुझं कॉलेज तू बरोबर निवडलंस. हे मला तीन वर्षांपूर्वी एस.टी. स्टँडवर येऊन म्हणता आलं असतं.

राहता राहिलं काल संध्याकाळचं. उद्धवराव आले होते. बसले नाहीत. चक्राचं मी काही बोललो नाही, तरी म्हणाले, "फार वाईट झालं हो, चांगलं यंत्र होतं." मग खिशातून माझीच नक्कल काढली. पाच संध्याकाळी बसून केलेली, निळी शाई, तांबडी बेरीज. फेब्रुवारीपासून माझ्या टेबलाच्या खणात होती. त्यांच्याकडे कशी गेली हे मी विचारलं नाही. ती त्यांनी ओट्यावर ठेवली, खाली सहीपुरती जागा बोटानं दाखवली आणि काय देणार ते सांगितलं. यंत्राला आणि मला छापील सर्टिफिकेट, मोठ्या संस्थेचं, माझं पूर्ण नाव घालून. नीलाची तीन वर्षांची फी, वसतिगृहासकट. आणि रोख अठरा हजार रुपये. मी नाही म्हणालो.

अण्णा